पुसलेला सुविचार

२०२० च्या जुलैत अमेरिकेतल्या 'किप' या शाळासमूहाने आपलं घोषवाक्य मोडीत काढलं. 'वर्क हार्ड. बी नाइस.' एवढे चार शब्द. कष्ट कर, नीट वाग. शाळांच्या भिंतींवर, मुलांच्या टी-शर्टवर हे शब्द वर्षानुवर्षं होते, आणि तोवर समूहात अडीचशेच्या आसपास शाळा आणि लाखाहून जास्त मुलं झाली होती. निवेदनात कारणं स्पष्ट दिली होती. वर्णभेदाची व्यवस्था मोडायला किती कष्ट लागतात हे या वाक्यात झाकलं जातं, निमूट ऐकणाऱ्या मुलाचं त्यात कौतुक होतं, आणि जो राबेल तो वर जाईलच असा भास त्यातून तयार होतो. बातमी वाचली आणि चपलेत बारीक खडा शिरावा तसं झालं. कष्ट कर, नीट वाग, यात वावगं काय? कुठलीही आजी नातवाला शाळेच्या फाटकाशी सोडताना हेच म्हणेल. पण निवेदनातली कारणं खोटी आहेत असंही म्हणवेना. चालताना खडा टोचत राहिला.

आपल्याकडे शाळेत सुविचार असतो. फळ्याच्या वरच्या भागात, वार, दिनांक, पटसंख्या, हजर, गैरहजर यांच्या शेजारी. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे तो लिहायचं काम. खडू फळ्यावर करकरतो, 'सत्य' लिहिताना जोडाक्षर जरा तिरकं होतं, हाताला पांढरी भुकटी लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डस्टरच्या दोन फटक्यांत सुविचार गेलेला असतो. त्याच्या जागी नवा येतो. कालचा का पुसला असं कुणी विचारत नाही, निवेदन काढणं तर दूरच. खोटं न बोलण्याचा सुविचार लिहिलेल्या फळ्याखाली बसून गृहपाठाची थाप मारता येते, हे दुसरीतल्या मुलालाही ठाऊक असतं. सुविचाराचा शाळेवर कसलाच दावा नसतो, म्हणून तो इतक्या सहज पुसला जातो. किपला मात्र चार शब्द पुसायला निवेदन काढावं लागलं. किपच्या शाळा चार्टर शाळा आहेत, आणि कारण त्या प्रकारातच आहे.

तिथे शब्दांवर शाळा उभी असते.

चार्टरला आपल्याकडे जुना शब्द आहे, सनद. पेशवाईतल्या सनदा वतनाच्या, इनामाच्या, पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या. ही सनद मुदतीची. १९९१ साली मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही पहिली शाळा सुरू झाली, आणि आज चाळीसहून जास्त राज्यांत असे कायदे आहेत. व्यवहार असा. शाळा सार्वजनिक पैशावर चालणार, फी घेणार नाही, प्रवेश परीक्षा घेणार नाही, धर्म शिकवणार नाही. नेमणुका, वेळापत्रक, पुस्तकं यांबाबत तिला नेहमीच्या सरकारी शाळेपेक्षा मोकळीक मिळणार. मोबदल्यात आपण कुणाला, काय आणि कसं शिकवणार हे ती लिहून देणार, आणि मुदत संपली की सनद देणारी संस्था ते कागद समोर ठेवून हिशेब मागणार. ही संस्था म्हणजे कुठे स्थानिक शिक्षण मंडळ, कुठे राज्याचं मंडळ, कुठे विद्यापीठ. मुदत बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची, अ‍ॅरिझोनात आणि वॉशिंग्टन शहरात पंधरा. अमेरिकेत नव्याने गेलेले मराठी आईबाप 'चार्टरमध्ये घालू की पब्लिकमध्ये?' असं विचारतात, तेव्हा प्रश्नातच गोंधळ असतो. चार्टर शाळाही पब्लिकच असते. फरक तिच्या कागदात असतो आणि तो कागद मागून वाचता येतो.

तो वाचण्याजोगा असतोही. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथे नवी शाळा काढायची तर पहिल्या वर्षी जितकी मुलं अपेक्षित आहेत त्यांच्या निम्म्या संख्येएवढ्या मुलांच्या पालकांच्या सह्या लागतात, किंवा अपेक्षित शिक्षकांपैकी निम्म्यांच्या. पालकांनी आपलं मूल इथे घालायला खरोखर उत्सुक आहोत असं मानून सही करायची असते. त्यापुढे कायद्याने ठरवलेली पंधरा कलमं भरायची. पहिल्याच कलमात कायदा विचारतो, तुम्ही कुणाला शिकवू पाहता? एकविसाव्या शतकातला 'शिकलेला माणूस' म्हणजे काय? शिकणं सगळ्यात चांगलं कसं घडतं? हे तीन प्रश्न पहिल्यांदा वाचताना मी थांबले होते. एवढे मोठे प्रश्न कुठल्याशा शिक्षणपरिषदेच्या भाषणात असायचे, ते इथे अर्जाच्या कलमात बसलेत, आणि उत्तर दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मग पुढची कलमं येतात. काय मोजणार, कसं मोजणार, कारभार कोण पाहणार, आसपासच्या वस्तीतले सगळे वंशगट आणि विशेष गरजांची मुलं शाळेत यावीत म्हणून काय करणार, मुलाला निलंबित करायची किंवा काढायची पद्धत कोणती. आणि अगदी शेवटचं कलम, शाळा बंद पडली तर काय. हिशेब कोण पुरे करणार, उरलेली मालमत्ता कुठे जाणार, मुलांच्या गुणपत्रिका आणि दाखले कोण सांभाळणार. बारशाच्या दिवशीच हे सगळं लिहून ठेवायचं. अभद्र वाटतं खरं, पण शाळा अचानक बंद पडली की दाखल्यासाठी वणवण मुलाच्या घरच्यांची होते, म्हणून हे कलम मला फार माणुसकीचं वाटतं.

आता किपकडे येऊ. १९९४ मध्ये ह्यूस्टनला माइक फाइनबर्ग आणि डेव्ह लेविन या दोन तरुण शिक्षकांनी पाचवीचा वर्ग काढला. दोघे टीच फॉर अमेरिकातून आलेले, म्हणजे नव्या पदवीधरांना गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या संस्थेतून. त्यांची गुरू हॅरिएट बॉल ही ह्यूस्टनचीच शिक्षिका. ती टाळ्या, ठेका आणि गाण्यातून पाढे, नियम, सगळं शिकवायची, आणि किपचं पूर्ण नाव 'नॉलेज इज पॉवर प्रोग्रॅम', त्यातले पहिले तीन शब्द तिच्याच एका गाण्यातले. घोषवाक्य लॉस एंजेलिसच्या एका शिक्षकाच्या वर्गातून घेतलेलं, पुढचे शब्द मागे करून. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी ही शाळा ओळखली गेली त्या दोन्ही आधी कुणाच्या तरी वर्गात, खडूच्या धुळीत, रोज वापरून घासलेल्या होत्या. कचेरीत बसून कुणी मूल्यं ठरवली नव्हती. मला वाटतं, ती इतकी पसरली त्याचं हे एक कारण. मुलं ती म्हणत होती, ठेक्यात.

शब्दांच्या मागे वेळापत्रक होतं. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी पाचपर्यंत शाळा, काही शनिवारी अर्धा दिवस, उन्हाळ्यात आणखी काही आठवडे. शिक्षकांचे फोन नंबर मुलांकडे, रात्री गणित अडलं तर विचारायला. आणि एक करारपत्र, त्यावर तीन सह्या. शिक्षकाची, पालकाची, मुलाची. शिक्षक लिहून देणार की मी सव्वासातला शाळेत असेन, मुलाला आणि पालकांना उपलब्ध राहीन. पालक लिहून देणार की मुलाला वेळेवर पाठवीन, गृहपाठ रोज पाहीन. मूल लिहून देणार की मी नेहमी माझ्याकडून होईल तेवढं चांगलं काम करीन. करार मोडला तर काय, हेही त्यातच होतं. शिक्षकाला शाळेतून काढलं जाऊ शकतं, आणि मुलाच्या सवलती जाऊन त्याला परत त्याच्या वस्तीतल्या शाळेत जावं लागू शकतं.

या शेवटच्या वाक्यापाशी मला पुन्हा तो खडा लागतो. तिघांच्या सह्या एकाच कागदावर आहेत हे फार चांगलं. शिक्षकही बांधला गेलाय, हे तर दुर्मिळच. पण तिघांच्या हातात सारखं काही नाही. शिक्षकाला दुसरी नोकरी मिळेल. बस चुकली म्हणून रोज वीस मिनिटं उशिरा येणाऱ्या मुलाच्या आईची रात्रपाळी असते, तिने सही केली तेव्हा बसचं वेळापत्रक तिच्या हातात नव्हतं. सार्वजनिक शाळेला असा करार प्रवेशाची अट करता येतो का, हा प्रश्न पुढे ठिकठिकाणी निघाला. कॅलिफोर्नियात पालकांनी अमुक तास शाळेत स्वयंसेवा केलीच पाहिजे अशी अट काही शाळा घालत होत्या, ती घालता येत नाही असं राज्याने बजावलं. कागद चांगला, हेतू चांगला, तरी सही न करू शकणारी आई फाटकाबाहेर राहते. तिच्याबरोबर मूलही.

वर्गात या मूल्यांचं रूप आणखी ठोस व्हायचं. 'स्लँट' नावाची एक रीत होती, पाच आद्याक्षरांची. ताठ बस, ऐक, प्रश्न विचार आणि उत्तर दे, मान हलव, बोलणाऱ्याकडे नजर ठेव. आठवड्याला मुलाला एक 'पगारपत्रक' मिळायचं, वागणुकीवर शाळेचे डॉलर वाढायचे किंवा कापले जायचे, त्यातून दुकानात पेन्सिली, वह्या, आणि वर्षाअखेरीच्या सहलीचा हक्क. ज्या वर्गात एकाच वेळी आठ मुलं बोलत असतात तिथे पंचवीस चेहरे शिक्षकाकडे वळले की कोपऱ्यातल्या अबोल मुलीलाही पहिल्यांदा नीट ऐकू येतं, हे कुठलाही शिक्षक सांगेल. शिस्तीचा पहिला लाभ त्या मुलीला होतो, दंगेखोराला नाही. हे मी मनापासून मानते. पण नजर ठेवणं हे ऐकल्याचं चिन्ह आहे, ऐकणं नव्हे. चिन्ह मोजायला सोपं, म्हणून वहीत चिन्हाची नोंद होते, आणि हळूहळू शिक्षक चिन्हालाच शिकवू लागतो. खिडकीबाहेर बघत विचार करणाऱ्या मुलाचे डॉलर कापले जातात. तेच चिन्ह काळ्या मुलाच्या बाबतीत जरा जास्त कडकपणे तपासलं जातं का, हा प्रश्न २०२० मध्ये माजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मोठ्याने विचारला, आणि घोषवाक्यावरचा निर्णय त्याच वातावरणात झाला.

मूल्यं खरी कुठे दिसतात ते पाहायचं तर भिंत सोडून नोंदवह्यांकडे जावं लागतं. पहिली नोंद सोडतीची. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढायची, सगळ्यांसमोर. आधी भावंडांना प्राधान्य, मग बाकीची नावं. जागा भरल्या तरी काढणं थांबवायचं नाही, शेवटच्या नावापर्यंत काढायची, कारण प्रतीक्षायादीतला क्रमांकही नशिबानेच ठरला पाहिजे. पूर्वी फिरत्या पिंजऱ्यातले चेंडू, आता बहुतेक ठिकाणी संगणक. महाराष्ट्रात आरटीईच्या पंचवीस टक्के जागांच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेल्या पालकांना ती सभागृहातली शांतता वेगळी सांगायला नको. नाव निघालं की जवळच्या खुर्चीवरचा बाप मुलाला उचलतो, आणि पलीकडची आई पर्सची चेन उघडते, लावते, पुन्हा उघडते. याच सोडतीमुळे बॉस्टनमध्ये संशोधकांना एक दुर्मिळ गोष्ट करता आली. अर्ज सगळ्यांनीच केलेला, हौस सगळ्यांनाच, फरक फक्त चिठ्ठीचा. त्यामुळे नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं शेजारी ठेवून पाहता आली, आणि तिथल्या शहरी चार्टर शाळांचा फायदा मोठा निघाला. देशभर चित्र इतकं सरळ नाही. स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राच्या २००९ च्या अहवालात गणितात फक्त १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या शाळांपेक्षा सरस होत्या, ३७ टक्के मागे. त्यांच्याच २०२३ च्या अहवालात सरासरी चार्टरच्या बाजूने झुकली, थोडीशीच.

दुसरी नोंद कमी लोक मागतात. मधल्या वर्गात मूल सोडून गेलं तर त्याची जागा भरतात का? पाचवीत १०० मुलं घेतली, दरवर्षी १० गेली, आणि शाळेने नवीन घेतली नाहीत, तर आठवीत ७० उरतात. त्यातली ४९ परीक्षेत ठरलेल्या पातळीला पोचली की शाळा ७० टक्के सांगते. दुसऱ्या शाळेने त्याच ३० जागा प्रतीक्षायादीतून भरल्या. येणारी मुलं दोन वर्षं मागे असलेली, त्यांतली ९ जण कशीबशी पातळी गाठतात. आता ४९ आणि ९ मिळून ५८, शंभरातले. कागदावर ही शाळा बारा टक्क्यांनी मागे, आणि काम तिने तीस मुलांचं जास्त केलंय. मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेने किपच्या शाळा तपासल्या तेव्हा गळती आसपासच्या शाळांइतकीच निघाली, पण वरच्या वर्गांत नवी भर कमी होती आणि येणारी मुलं आधीच अभ्यासात पुढे असलेली. 'सगळ्या मुलांसाठी' असे शब्द ज्या ध्येयात असतील त्या शाळेला सातवीच्या मध्यावर, जानेवारीच्या थंडीत, नव्याने गावात आलेलं मूल घेता आलं पाहिजे. ते करायचं तर शिक्षकाला वेगळा तास लागतो, पहिले सहा आठवडे दुसरं माणूस लागतं, आणि एवढं करूनही निकाल घसरतो. शाळेने त्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात केली आहे का, तिथे ध्येय वाचता येतं.

तिसरी निलंबनाची नोंदवही. अपंगत्वामुळे विशेष शिक्षणाची योजना असलेल्या मुलाला सलग दहा शालेय दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं तर कायद्याने बैठक घ्यावी लागते, हे वागणं त्या अपंगत्वामुळे तर झालं नाही ना हे पाहायला. चार्टर शाळेला यातून सूट नाही. पण सनदेतली कुठलीही ओळ न मोडता आईला रोज दुपारी फोन करता येतो, 'आज जरा घेऊन जाता का?' असे फोन वहीत येत नाहीत. दोन महिन्यांत आई दमते, स्वतःच दुसरी शाळा शोधते, आणि नोंद होते: पालकांच्या इच्छेने. उत्तम ध्येयवाक्याची शाळा इथे घसरते, आणि घसरल्याचं तिलाही चटकन कळत नाही, कारण फोन करणारी बाई खरोखर काळजीच्या सुरात बोलत असते.

मुंबई-पुण्यात याचे नातेवाईक आहेत. टीच फॉर अमेरिकाच्या धर्तीवर टीच फॉर इंडियाचं काम २००९ मध्ये या दोन शहरांतूनच सुरू झालं, आणि आकांक्षा फाउंडेशन महापालिकांशी करार करून शाळा चालवते. इमारत पालिकेची, शिकवणं संस्थेचं. तिथल्या भिंतींवरही मूल्यं रंगवलेली दिसतात. तिथेही मला भिंतीपेक्षा कराराची पानं वाचावीशी वाटतात.

किपने स्वतःच्या बाबतीत एक धाडसाची गोष्ट केली होती. 'कॉलेज' हे ध्येय मुलांच्या इतकं अंगात भिनवलेलं की वर्गाला ते ज्या वर्षी कॉलेजात जातील त्या वर्षाचं नाव असायचं. २०११ मध्ये त्यांनी मागे वळून मोजलं आणि छापलं. सगळ्यात आधीच्या तुकड्यांतली ३३ टक्के मुलं चार वर्षांची पदवी पूर्ण करू शकली होती. गरीब घरांतल्या मुलांच्या देशभरातल्या प्रमाणाच्या हे कितीतरी पट, आणि स्वतः ठरवलेल्या ७५ टक्क्यांच्या निम्म्याहून कमी. कष्ट मुलांनी केले होते. नीटही वागली होती. पण फी, दूरच्या शहरातलं एकटेपण, घरी पाठवायचे पैसे, यांना चार शब्द पुरले नाहीत. हायस्कुलं आणि कॉलेजातल्या मुलांच्या मागे उभे राहणारे समुपदेशक आधीपासून होते, ते काम मग वाढवलं. पुढच्या अभ्यासात दिसलं की नुसत्या किपच्या मधल्या शाळेचा, म्हणजे पाचवी ते आठवीचा, पदवीवर ठाम परिणाम सांगता येत नाही. मधली शाळा आणि हायस्कूल दोन्ही किपचं असेल, तर पदवीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट. घोषवाक्य पुसायच्या नऊ वर्षं आधी आकड्यांनीच त्यावर रेघ मारली होती असं आता वाटतं.

जुनं वाक्य व्याकरणात आज्ञार्थी होतं. कर, वाग. कर्ता गाळलेला, म्हणजे तू. दहा वर्षांचा तू. समूहाने पुढे जे ध्येयवाक्य घेतलं ते लांबलचक आहे. कुटुंबं आणि वस्ती यांच्यासोबत आम्ही आनंदाच्या आणि उत्तम अभ्यासाच्या शाळा घडवतो, म्हणजे मुलांना स्वतः निवडलेल्या वाटेने, कॉलेज असो की काम, जायला कौशल्यं आणि आत्मविश्वास मिळेल, असा त्याचा अर्थ. यात कर्ता आहे, आम्ही. मूल आता फक्त ऐकणारं नाही, त्याच्याकडे निवडही आहे. करारातल्या तीन सह्यांपैकी मोठ्यांच्या सह्या इथे आधी येतात. हे मला पटतं. पण ते ठेक्यात म्हणता येत नाही. हॅरिएट बॉलच्या वर्गात टाळ्या वाजवत ते कुणी पाठ केलं नसतं, आणि पाचवीतल्या मुलाला सकाळी साडेसातला, डोळ्यांत झोप असताना, पकडून ठेवायला हाताशी छोटे शब्द लागतात. ते आता कुठून आणायचे याचं उत्तर त्या निवेदनात नव्हतं.